निबंध कोणासमोर वाचावा?

स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा गौरव करावा, संस्थापकांचे ऋण मानावे, मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे घ्यावीत, असा संकेत आहे. तो योग्यच आहे, आणि या अंकातील इतर लेखांतून तो पाळला जाईल. आम्ही मात्र येथे एका मतभेदाविषयी लिहीत आहोत. हा मतभेद आपल्याच माणसांतला आहे. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत तो उघड झाला आणि अद्याप पुरता मिटलेला नाही.

प्रसंग थोडक्यात असा. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. निवासी शाळांतून मुली मध्येच का निघून जातात, हा तिच्या संशोधनाचा विषय. एका शैक्षणिक चर्चासत्रात तिने या विषयावर शोधनिबंध वाचला. ज्या शाळांची दप्तरे तिने पाहिली त्यांत आपली शाळाही होती. निबंधात कोणत्याही शाळेचे वा मुलीचे नाव नव्हते. तरी कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावाशेजारी तिचे गाव छापलेले पाहून ज्यांना ओळखावयाचे त्यांनी ओळखले. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, "घरातले बाहेर नेऊन सांगायची हिला काय गरज होती?" काही माना डोलल्या. एक पालक, ज्यांच्या दोन मुली आज वसतिगृहात आहेत, हात जोडून म्हणाले, "गुरुजी, लेकीबाळींचा विषय आहे. चार लोकांत निघाला की सोयरिकीला आडवा येतो."

आमचे मत स्पष्ट आहे. तिने तो निबंध वाचला हे योग्य केले. तिच्याकडून आणखी एक अपेक्षा आहे, तिचा उल्लेख पुढे करू. परंतु वरील आक्षेप आम्हांला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण आक्षेप घेणारे आमचेच सहाध्यायी आणि आमच्याच विद्यार्थ्यांचे आईवडील आहेत.

प्रथम तिने केले काय, ते पाहू. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. जुन्या कागदाला मान द्यावा हे आमच्या गुरूंनी आम्हांला शिकविले. शाळेतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जनरल रजिस्टर. लोखंडी कपाटात ठेवलेली, कापडी बांधणीची ती लांबरुंद वही पालकांनी क्वचितच पाहिली असेल. तिच्यात विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख अंकी व अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटी एक अरुंद रकाना: शाळा सोडल्याचे कारण. दाखला काढताना याच रकान्यातील शब्द दाखल्यावर उतरतात. सारे आयुष्य माणूस तो दाखला सांभाळतो. जातीच्या प्रमाणपत्रासाठी, नोकरीसाठी, कधी मुलांच्या प्रवेशासाठी तो ट्रंकेतून बाहेर काढतो. पण त्या शेवटच्या रकान्याकडे कोणी पाहत नाही. तेथे बहुधा दोनतीनच वाक्ये आलटून पालटून येतात. 'पालकांच्या विनंतीवरून.' 'सतत गैरहजर.' 'गावी गेली.'

आमच्या विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने हा रकाना वाचला. मग ज्या मुलींपुढे अशी मोघम कारणे होती त्यांच्या गावी ती गेली. काही जणी घरी भेटल्या, काहींच्या आया भेटल्या, काहींना गाठण्यासाठी तिला ऊसतोडीच्या फडापर्यंत जावे लागले. प्रत्येकीला तिने एकच प्रश्न विचारला: शाळा कशामुळे सुटली? वहीतले उत्तर आणि तोंडी उत्तर यांतील अंतर, हाच तिच्या निबंधाचा गाभा. किती जणी, कोणत्या इयत्तेतील, हे आकडे आम्ही येथे देत नाही. ते तिचे आहेत, आणि तिचा प्रबंध अजून विद्यापीठाला सादर व्हावयाचा आहे. परंतु ज्यांनी वर्गशिक्षक म्हणून दोन दशके काढली आहेत त्यांना 'गावी गेली' याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ लग्न असाच असतो.

हे आठवीनंतर का वाढते, याचेही कारण सांगता येते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचे छत्र सहा ते चौदा वयाच्या मुलांवर, पहिली ते आठवीपर्यंत. त्या मर्यादेत मूल शाळाबाह्य झाले तर शासन विचारते, यंत्रणा शोध घेते, निदान कागद तरी फिरतो. नववीत मुलगी आली नाही तर तसे विचारणारे कोणी उरत नाही. आणि आपल्या पालकांपैकी जे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात त्यांच्या हिशेबात आणखी एक गोष्ट येते. मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. ज्या घरात मुलगा जाणता झाला आहे त्या घराला सून आली की पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. ज्या घरात मुलगी वयात आली आहे त्या घरापुढे प्रश्न असा की सहा महिने तिला कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे. निवासी शाळा हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे, म्हणूनच आपली शाळा उभी राहिली. परंतु उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलेली मुलगी जूनमध्ये परत आली नाही, तर त्या दोन महिन्यांत काय घडले हे वसतिगृहाच्या हजेरीपटात सापडत नाही.

आता मूळ आक्षेप. त्यातील एक भाग आम्ही हलका मानत नाही. आक्षेप घेणारे म्हणतात, आपल्या मुलांकडे पाहण्याची बाहेरची दृष्टी आधीच गढूळ आहे. सभागृहात बसलेले लोक हे ऐकून "यांच्यात असेच चालते" असे म्हणून घरी जातील. त्यांच्या हाती आपणच पुरावा का द्यावा? हे भय खोटे नाही. शिक्षणविषयक संशोधनात आपली मुले बहुतेक वेळा 'नमुना' म्हणूनच येतात. वंचित मुलांची भाषा, वंचित मुलांची गणितातील संपादणूक, वंचित मुलांचा आत्मविश्वास, अशा शीर्षकांचे निबंध आम्ही ढिगांनी ऐकले आहेत. प्रश्नावली घेऊन संशोधक येतो, वर्गात वाटतो, गोळा करून निघून जातो. पुढे काय झाले ते मुलांना कधीच कळत नाही. अशा अनुभवातून आलेला संशय निव्वळ उपदेशाने दूर व्हावयाचा नाही.

म्हणून आम्हांला ९ मे १९१६ या तारखेचे स्मरण करून द्यावेसे वाटते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आपल्या प्रत्येकाला पाठ आहेत. ही तारीख फारशा कोणाला ठाऊक नसते. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने शोधनिबंध वाचला. विषय होता भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. विद्यार्थी अर्थातच भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती १९१३ मध्ये मिळाली होती आणि तिची मुदत संपत आली होती. नियमित अभ्यासाचा विषय अर्थशास्त्र. हा निबंध पदवीसाठी लिहिलेला नव्हता. तो एका वर्गात, शिक्षकासमोर आणि सहाध्यायांसमोर वाचण्यासाठी लिहिलेला होता.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड असेल. वसंत मून यांनी संपादित केलेला तो खंड १९७९ साली निघाला. त्यात हा निबंध आहे. आम्ही तो विद्यार्थ्यांना वाचावयास सांगतो तेव्हा त्यांची अपेक्षा असते की त्यात अस्पृश्यतेच्या यातनांचे वर्णन असेल. ते त्यात नाही. बालपणी गोणपाटावर बसलेला, पाण्यासाठी तासन् तास थांबलेला हा विद्यार्थी अमेरिकन श्रोत्यांसमोर आपली कहाणी सांगत नाही. तो प्रथम आपल्या आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासतो: फ्रान्सचे सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. परंतु त्यापूर्वी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, त्यांनी जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला होता. एका मराठी विद्यार्थ्याच्या अमेरिकेतील संशोधनाची चिकित्सा दुसरा मराठी विद्यार्थी अमेरिकेतच करतो, आणि ती कशी? केतकरांनी जातीचा विचार सुटा न करता जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे तो आधी श्रेय देतो. मग म्हणतो की बाहेर विवाहास बंदी आणि जन्माने सभासदत्व ही जी दोन लक्षणे त्यांनी सांगितली ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आजच्या चर्चासत्रांत पूर्वसूरींचा आढावा म्हणजे नावे आणि साले यांची माळ असते; ज्यांना तो आढावा खरोखर कसा घ्यावा हे शिकावयाचे आहे त्यांनी ही चारपाच पाने वाचावीत.

त्यानंतर येतो निबंधाचा मुख्य भाग, आणि आपल्या वादाशी त्याचा थेट संबंध आहे. जात टिकते ती गटाबाहेरच्या विवाहाला बंदी असल्यामुळे. पण गटातच लग्ने लावावयाची तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहावयास हवी. मृत्यू ती सारखी राहू देत नाही. नवरा मेला तर एक स्त्री जादा होते, बायको मेली तर एक पुरुष. जादा झालेली स्त्री गटाबाहेर लग्न करील, किंवा गटातील तरुण मुलींच्या वाट्याचा वर घेईल. दोन्ही प्रकारांत कुंपण मोडते. मग तिला पतीबरोबर जाळावयाचे, किंवा सक्तीच्या वैधव्यात ठेवावयाचे. जादा पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे आणि गटाला त्याची गरज आहे. त्याला घरातच गुंतवून ठेवावयाचे तर बायको हवी. ती विवाहयोग्य स्त्रियांतून आणली तर तोल पुन्हा जातो, म्हणून ती अजून वयात न आलेल्या मुलींतून आणावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचे मूळ त्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असे एका हिशेबात मांडून दाखविले. पुढे तो म्हणतो की कुंपण प्रथम वरच्या वर्गाने स्वतःभोवती घातले आणि खालच्यांनी त्याचे अनुकरण केले. एकट्या मनूने हुकूम काढला म्हणून जाती झाल्या असे मानणे त्याला पटत नाही.

ज्या मुलीवर आज "घरातले बाहेर नेले" असा आरोप होतो तिने याच हिशेबाचा एक धागा उचलला आहे. मुलीच्या लग्नाचे वय हा एखाद्या वस्तीच्या अब्रूचा प्रश्न समजणे ही मुळात चूक दृष्टी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. देशाचे प्रमाण २३.३ टक्के होते. पाचांत एकीहून अधिक. हा आकडा एका समाजाचा, एका जिल्ह्याचा वा एका शाळेचा नाही. तेव्हा सभागृहातील कोणी "यांच्यात असेच चालते" असे म्हणालाच, तर 'यांच्यात' या शब्दात तो स्वतः, त्याचे गाव आणि त्याचे नातेवाईक येतात हे त्याला दाखवून देण्याची जबाबदारी संशोधकाची आहे. निबंध न वाचल्याने ती पार पडत नाही.

लेकीबाळींचा विषय चार लोकांत काढू नये, हे मत आपल्या परंपरेत बसत नाही हेही सांगितले पाहिजे. १८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापला गेला. मांग-महारांचे दुःख तिने लिहिले आणि त्यात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची, डोक्यावर छप्पर नसलेल्या त्यांच्या घरांची दशा लिहिली. याहून अधिक घरातला विषय कोणता? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. तेथे हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे उघड सांगितले. मांडव घालून, ध्वनिक्षेपकावरून हे सांगता येते, आणि आपली मुलगी पुराव्यानिशी तेच सांगू लागली की सोयरिकी अडतात, हे आम्हांला समजत नाही. ज्या पालकांनी हात जोडून ते वाक्य म्हटले त्यांच्या मनातील काळजी आम्ही जाणतो. परंतु त्यांच्या दोन्ही मुली दहावीच्या पुढे जाव्यात यासाठीच हे संशोधन चालले आहे.

येथवर संशोधक विद्यार्थिनीची बाजू. आता तिच्याकडून आणि तिच्यासारख्या सर्वांकडून असलेली अपेक्षा.

चर्चासत्र म्हणजे काय, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसेल. सकाळी नोंदणी, शुल्क भरले की पिशवी, वही आणि पेन. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, बीजभाषण, आणि तोवर जेवणाची वेळ. दुपारनंतर दोन-तीन खोल्यांत एकाच वेळी सत्रे चालतात. एकेका सत्रात वीस-पंचवीस निबंध, प्रत्येकास पाच ते सात मिनिटे, आणि अध्यक्षांच्या हाताशी घंटा. पडद्यावर इंग्रजी मजकूर झरझर सरकतो. वाचणारा अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत वाचतो. ज्याचे वाचून झाले तो प्रमाणपत्राच्या रांगेत जातो, त्यामुळे शेवटच्या निबंधाला श्रोते म्हणून अध्यक्ष आणि पुढचा वाचक एवढेच उरतात. प्रश्न विचारण्यास वेळ नसतो, आणि वेळ असला तरी विचारणारा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत दोन निबंध वाचण्याची अट होती. हेतू चांगला होता. त्याचा परिणाम मात्र चर्चासत्रांचे पीक येण्यात झाला. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. सक्ती गेली, सवय राहिली.

ज्या विद्यार्थिनीच्या निमित्ताने हे लिहीत आहोत तिला दहा मिनिटे मिळाली होती. प्रवासाला एक रात्र, नोंदणीचे पैसे, छपाई. अधिछात्रवृत्तीचे हप्ते महिनोन्महिने थकलेले असताना हा खर्च तिने उसनवारीवर केला. वाचून झाल्यावर एकच प्रश्न आला, नमुन्याचा आकार किती. तिने उत्तर दिले आणि घंटा वाजली. आम्ही सभागृहात मागच्या रांगेत होतो. ज्या कारणासाठी ती फडाफडांतून हिंडली होती त्या कारणाविषयी कोणी एक शब्द विचारला नाही. आपल्या बैठकीत तिच्यावर जे आक्षेप घेतले गेले ते कडू होते, तरी ते विषयाला धरून होते! अप्रिय का होईना, ते खरे प्रश्न होते. सोयरिकीचा प्रश्न त्या सभागृहातील एकाही प्राध्यापकाला सुचला नाही. तो एका ऊसतोड कामगाराला सुचला. संशोधनाला जे श्रोते हवेत ते आपल्याकडे आहेत, आणि आपण त्यांना निबंध ऐकवीत नाही.

म्हणून आमची सूचना. आपल्या शाळेचे दप्तर ज्याने संशोधनासाठी पाहिले, तो आपला माजी विद्यार्थी असो वा बाहेरचा, त्याने आपला निबंध आपल्या सभागृहात, मराठीत, पालकांसमोर वाचला पाहिजे. दप्तर पाहण्याची परवानगी देतानाच ही अट लेखी घालावी. मुलांची नावे, गावे, ओळख पटेल अशा खुणा निबंधात येणार नाहीत, ही दुसरी अट. तिसरी अट संस्थेने स्वतःवर घालून घ्यावी: वाचनानंतर तथ्याची चूक दाखविण्याचा अधिकार प्रत्येकाला असेल, पण निष्कर्ष बदला असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नसेल, संचालक मंडळाला नाही, मुख्याध्यापकांना नाही, आम्हांलाही नाही.

या तिसऱ्या अटीवर काही मंडळी थबकतील. त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्याच विद्यार्थिदशेतील आणखी एक उदाहरण देतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध त्यांनी सादर केला तेव्हा ब्रिटिश धोरणावरील त्यातील कठोर टीका परीक्षकांना रुचली नाही आणि तो पुन्हा लिहून देण्यास सांगण्यात आले. चरित्रकार सांगतात की त्यांनी भाषा सौम्य केली, निष्कर्ष कायम ठेवले. १९२३ साली तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्याची प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी आपण लेखकाच्या कित्येक मतांशी सहमत नाही असे मोकळेपणाने नोंदविले आहे. सहमत नसताना प्रस्तावना लिहिली! आपल्या संस्थांत ज्याचे पटत नाही त्याला साधे व्यासपीठ देतानाही हात आखडतो. आणि १९१६ च्या त्या निबंधाच्या अखेरीस विद्यार्थी आंबेडकर काय म्हणतात तेही पाहावे: आपली उपपत्ती अखेरची आहे असा दावा ते करीत नाहीत, आणि ती टिकाऊ नाही असे दिसून आल्यास सोडून देण्याची तयारी दाखवितात. संशोधकाने एवढे मोकळे राहावे आणि श्रोत्यांनीही तेवढेच. तो निबंध पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. वर्गातल्या थोड्या श्रोत्यांपुढे वाचलेले ते लेखन आपल्यापर्यंत पोहोचले ते छापले गेले म्हणून. आपल्या सभागृहात वाचले जाणारे निबंधही शाळेने जपून ठेवावेत, शक्य तेव्हा छापावेत. दरवर्षीच्या हस्तलिखितासाठी जो कागद लागतो त्याहून फार अधिक लागणार नाही.

खर्चाविषयीही बोलले पाहिजे. माजी विद्यार्थी संघ दरवर्षी दहावीत प्रथम येणाऱ्यास रोख पारितोषिक देतो. त्याबरोबरच पदव्युत्तर व पीएच.डी.च्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी निबंधवाचनाच्या प्रवासाचा एक लहान निधी ठेवता येईल. रक्कम मोठी नको, एस.टी.चे भाडे, एका रात्रीचा मुक्काम आणि नोंदणी एवढे निघाले तरी पुरे. मात्र तो निधी प्रमाणपत्र दाखविणाऱ्याला न देता, येथे येऊन निबंध वाचणाऱ्याला द्यावा. ज्यांनी तेथे आक्षेप घेतले त्यांपैकी दोघांनी या निधीस वर्गणी देण्याचे कबूल केले आहे, हे येथे नमूद करण्यास आम्हांला आनंद वाटतो. त्यांचे मत बदललेले नाही. पण "वाचायचे तर आधी आमच्यासमोर वाच," असे ते तिला म्हणाले, आणि "येते, सर," असे ती म्हणाली.

त्याप्रमाणे निबंधाचे वाचन मे महिन्यात शाळेच्या सभागृहात ठेवले आहे. ऊसतोडीला गेलेले पालक तोवर परतलेले असतात आणि पेरणीची घाई सुरू झालेली नसते, म्हणून हा महिना. ज्या मुली शाळा सोडून गेल्या त्यांच्यापैकी ज्यांचा पत्ता लागला त्यांनाही निरोप पाठविला आहे. काही जणी मुलांना घेऊन येणार आहेत, त्यांच्यासाठी बालवाडीची खोली उघडी राहील. त्यांची नावे पुकारली जाणार नाहीत आणि छायाचित्रे काढली जाणार नाहीत. पहिले प्रश्न आयांनी विचारावेत असे ठरले आहे. किती वेळ मिळेल, असे विद्यार्थिनीने पत्राने विचारले होते. वाचनाला पाऊण तास, असे आम्ही कळविले आहे. प्रश्नोत्तरांना वेळेची मर्यादा ठेवलेली नाही.